एक्केचाळीस नंबरचं टोकन

रीनाने नोंदवहीत नाव लिहिलं, गाव लिहिलं, येण्याची वेळ लिहिली आणि टोकनसाठी हात पुढे केला. काउंटरमागच्या मुखरूभाऊंनी वही आपल्याकडे फिरवली आणि गावाच्या रकान्यावर बोट ठेवून ते नुसतेच उभे राहिले. पितळेचं टोकन त्यांच्या मुठीतच राहिलं.

“इरुपगट्टा,” ते म्हणाले. “भामरागडकडचं?”

रीनाने मान हलवली. भामरागड म्हटलं की चंद्रपुरातली माणसं पुढचे दोन-तीन प्रश्न ठरलेलेच विचारतात आणि तिला उत्तरंही पाठ झाली होती. या म्हाताऱ्या शिपायाने एकही विचारला नाही. वाचनालय नुकतंच उघडलं होतं, ती पहिलीच वाचक होती, तरी त्यांनी तिला चाळीस नंबरचं टोकन दिलं. त्यांच्या मागच्या फळीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला एकेक टोकन लटकत होतं. तिच्या चाळीसशिवाय फक्त एक्केचाळीसचा खिळा रिकामा होता.

तिने पुस्तकाच्या नावाची चिठ्ठी पुढे सरकवली. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या जमीनदारी गावांची छापील यादी तिला हवी होती.

“ते काढाले नाई लागत,” मुखरूभाऊ चिठ्ठी न वाचताच म्हणाले. “टेबलावरच हाये.”

पुस्तक दालनाच्या अगदी टोकाच्या टेबलावर उघडं पडलेलं होतं, एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर. रीना समोरच्या खुर्चीत बसली. नऊ वाजेपर्यंत पोलीस भरतीची नि तलाठ्याच्या परीक्षेची पोरं-पोरी येऊन दालन भरून गेलं. अशा ठिकाणी जागा पुस्तकावरून ठरत नाही, पंख्यावरून ठरते, आणि सगळ्यांत चांगला पंखा या टेबलावर होता. तरी कोणी इकडे फिरकलं नाही. एक नवखी मुलगी आली, पलीकडच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली, मग थंडी वाजल्यासारखे दंड चोळत ती पर्स उचलून दूर भिंतीपाशी जाऊन बसली.

रीनाला वेळ घालवून चालणार नव्हतं. ग्रामसभेने गावाभोवतीच्या जंगलावर हक्काचा दावा टाकला होता आणि सोमवारी सुनावणी होती. तुमचं गाव जुनं असल्याचा एक तरी छापील कागद आणा, नाहीतर दावा निकालात काढतो, असं सुनावणीच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. ज्या चार पिढ्या मोहाखाली फुलं वेचत आल्या, त्यांना आता आपण तिथे होतो हे कागदाने सिद्ध करायचं होतं. तिला याचा मनस्वी राग यायचा. पण कागद आणणारी गावात तीच एक होती.

तिच्या आधी एकजण होता. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका कागदासाठी तिचा आजा दसरू घरून निघाला होता, तेव्हा ती चार वर्षांची होती. कागद घेऊनच येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. बापाने, सुकलूने, स्टँड पाहिले, दवाखाने पाहिले, शेवटी पाहायचं सोडलं. त्यांच्या माडिया लोकांत मेलेल्या माणसाच्या नावाने गावाबाहेर दगड उभा करतात, म्हणजे तो आपल्या माणसांत येऊन बसतो. पण मेलेला कोणी पाहिलाच नाही त्याचा दगड कसा रोवायचा? दसरूच्या वाट्याची जागा त्या रांगेत अजून मोकळीच होती.

पान उलटायला म्हणून तिने पुस्तकाला हात लावला तेव्हा मधे ठेवलेली चिठ्ठी वर आली. शाळेच्या वहीचा फाटका तुकडा, मळून तेलकट झालेला. त्यावर मोठ्या, एकटाकी अक्षरांत एकच शब्द होता: इरुपगट्टा.

ही चिठ्ठी तिने कधी पाहिली नव्हती, पण ऐकली शंभरदा होती. दसरूला वाचता येत नव्हतं. गावच्या मास्तराने त्याला गावाचं नाव कागदावर लिहून दिलं होतं, आणि हे असंच दिसणारं पुस्तकात शोध म्हणून सांगितलं होतं. रीना घाबरली. अगदी लहानपणी रानात एकटी मागे राहिली होती, तशी घाबरली. ती उठून काउंटरपाशी आली तेव्हा मुखरूभाऊ तिचीच वाट पाहत असल्यासारखे उभे होते.

त्यांनी फार आढेवेढे न घेता सांगितलं. नोकरीला लागून त्यांना तेव्हा दोनच महिने झाले होते. एक माडिया म्हातारा रोज यायचा, वहीत अंगठा द्यायचा आणि चिठ्ठी पानापानाशी लावून पाहायचा. ओळीवरून बोट इतकं हळू फिरवायचा, की दिवसाकाठी सहा-सात पानं व्हायची. एका संध्याकाळी टोकनं मोजली तर एक्केचाळीस नंबर कमी भरलं. टेबलाशी गेले तर कोणी नव्हतं. दाराने कोणी गेलेलंही दिसलं नव्हतं आणि दार तर एकच होतं.

“पुस्तक मी ठेवून देलो जागेवर,” ते म्हणाले. “सकाळी आलो तं टेबलावर. सहा पानं पुढं. तेव्हापासून रोज. पुस्तक सरते, मंग पुन्हा पयल्यापासून.”

“अन् तुम्ही कोणाले सांगितलं नाई?”

“कोणाले सांगू, बाई? नोकरी होती.” त्यांनी टोकनांच्या फळीकडे पाहिलं. “पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राह्यलो. मंग त्याच्याकडे पाहीन कोण?”

रीना टेबलाशी परतली. आता तिची भीती कमी झाली होती आणि वाईट वाटणं वाढलं होतं. तिने पुस्तक हलक्या हाताने, जणू कोणाची परवानगी घेऊन, पहिल्या पानावर नेलं. तिथे ठळक छापलेलं होतं: भाग पहिला. खाली बारीक अक्षरांत होतं, की दक्षिणेकडची गावं दुसऱ्या भागात पाहावीत.

इरुपगट्टा या पुस्तकात नव्हतंच. बावीस वर्षं तो जिथे नाही तिथेच शोधत होता.

तिने ते पान मुखरूभाऊंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

“मीच काढून देलो होतो त्याले,” ते म्हणाले, आणि खाली बसले.

दुसरा भाग गडचिरोलीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात असल्याचं तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं. शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने रीना तिथे पोचली. तिथलं सगळं नवं होतं, काचेचं दार, कार्ड लावलं की उघडणारं फाटक, आत किती माणसं आहेत ते लाल आकड्यांत दाखवणारी पाटी. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे इतक्या वर्षांत ते कोणी उघडलंच नसावं. चौऱ्याण्णवाव्या पानावर गाव सापडलं. इरुपगट्टा: घरे नऊ, बोडी (लहान तळे) एक, मोहाची झाडे दोनशे दहा. तिने ती ओळ तीनदा वाचली आणि मग तिला रडू आलं, तेही आवाज न करता, कारण समोर शांतता राखा असं लिहिलेलं होतं.

झेरॉक्सवर ग्रंथालयाचा शिक्का घेऊन ती बाहेर पडली तेव्हा बापाचा फोन आला. पाऊस लागला होता, पर्लकोटा नदी चढत होती, पुलावरून पाणी गेलं की चार दिवस रस्ता बंद. सुकलूने तिला थेट गावाकडची गाडी धरायला सांगितली. तेच शहाणपणाचं होतं, तिलाही ते कळत होतं. चंद्रपूर उलट दिशेला. तिथे जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस गमवायचा, आणि सोमवार चुकला तर सगळ्या गावाने तिला बोल लावला असता.

“बा, त्याले सांगून येतो,” ती म्हणाली.

कोणाला, ते सुकलूने विचारलं नाही. कालच्या फोनमध्ये तिने त्याला सगळं सांगितलं होतं.

“जाय,” तो म्हणाला.

चंद्रपूरच्या वाचनालयात ती शिरली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि पोरं आवराआवर करत होती. मुखरूभाऊंनी चाळीस नंबर दिला. पुस्तक एकशे त्र्याण्णवाव्या पानावर उघडं होतं. रीना समोर बसली, झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि मळकी चिठ्ठी त्या ओळीच्या अगदी खाली लावली. अक्षराला अक्षर जुळलं. मग तिने ती ओळ मोठ्याने वाचली, आधी मराठीत, मग आपल्या माडियात, कारण त्याला नुसतं मराठीत वाचून दाखवण्यात काय अर्थ होता. घरं नऊ. बोडी एक. मोहाची झाडं दोनशे दहा. हे तुझ्या बापाच्या वेळचं आहे, असं तिने सांगितलं. आता घरी चल, असंही सांगितलं.

शांततेची पाटी मुखरूभाऊंच्या डोक्यावरच होती, पण त्यांनी तिला वाचू दिलं.

रीनाने मान वर केली तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं. मळकी चिठ्ठी टेबलावर कुठेच नव्हती. झेरॉक्स तेवढी होती, आणि त्या ओळीच्या खाली तेलाचा एक डाग पडला होता, बोटाएवढा.

काउंटरवर मुखरूभाऊंनी कपाटातून जुनी वही काढून ठेवली होती. दसरूच्या अंगठ्याचा जांभळा पडलेला ठसा, पुढे येण्याची वेळ, आणि जाण्याच्या वेळेचा रकाना कोरा. त्यांनी पेन तिच्याकडे दिलं. भिंतीवरचं घड्याळ पाहून तिने लिहिलं: ५.४०. खाली सही केली, दसरू पुंगाटीकरिता नात रीना.

मग तिने आपलं टोकन दिलं. ते अडकवायला मुखरूभाऊ फळीकडे वळले आणि त्यांचा हात हवेतच थांबला. एक्केचाळीसच्या खिळ्याला टोकन लटकत होतं, आणि आत्ताच कोणी अडकवल्यासारखं अजून हलत होतं.

“आज टोकनं पुरे भरले,” ते म्हणाले.

रीना पायऱ्यांपाशी क्षणभर बाजूला सरून उभी राहिली. रानातल्या पायवाटेवर त्यांच्यात सगळे एकामागे एक चालतात, म्हातारा माणूस पुढे आणि लहान मागे. चंद्रपूरचा रस्ता चांगला रुंद होता, स्टँडकडे जाणारी माणसं तिला ओलांडून भराभर पुढे निघून जात होती. ती मात्र समोर दोन हात जागा मोकळी सोडून, एखाद्या म्हाताऱ्याच्या चालीने, मागे मागेच चालत राहिली.