येझदीचं दावं

माझी स्कूटर देऊन त्या बदल्यात जुनी येझदी मोटारसायकल घ्यायची, असं माझ्या नवऱ्याने ठरवलं होतं. ही आनंदाची बातमी मला तलासरी नाक्यावरच्या टपरीत, मिरचीच्या भजीचा पहिला घास तोंडात असताना कळली.

"म्हातारबाबा पैसे घ्यायला तयार नाहीत," नितीन म्हणाला. "त्यांना गाडीच्या बदल्यात गाडीच हवी. बटन दाबलं की सुरू होणारी. तुझी आहेच की."

"माझी आहे म्हणूनच ती देता येणार नाही," मी म्हटलं.

"अगं, नावावर माझ्या आहे. आणि तुझं अडतंय कुठे? कासा-तलासरी जीप आहे की. दर दहा मिनिटांना सुटते."

मिरची तिखट होती, त्यामुळे डोळ्यांत आलेलं पाणी तिच्या नावावर खपलं. मला खरंच रडू येत होतं. सकाळी हाच माणूस म्हणाला होता, "तू तुझी स्कूटर घे, मी माझी बाईक घेतो, रस्ता खराब आहे, दोघांना एका गाडीवर त्रास होईल." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कंबरेची त्याने पहिल्यांदा काळजी केली होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. तलासरीच्या पाड्यापाड्यांतल्या अंगणवाड्या बघणं हे माझं काम. स्कूटर येण्याआधी मी जीपने फिरायचे. आमच्याकडच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला तीन माणसं बसतात आणि उजव्या बाजूला एक. त्या उजव्या माणसाचं अर्धं शरीर महाराष्ट्राच्या हवेत असतं. ती जागा बहुतेक वेळा माझी असे. पाड्यावर पोचायचं जीपच्या वेळेने आणि निघायचंही जीपच्या वेळेने. एखाद्या पोराचं वजन कमी भरलं, त्याच्या आईशी चार शब्द बोलावे म्हटलं, तर बाहेर हॉर्न वाजायला लागायचा. मग मी माझ्या पगारातून स्कूटर घेतली. शोरूममधल्या मुलाने विचारलं, "साहेब, नाव कोणतं टाकू?" आणि साहेबांनी स्वतःचं सांगितलं. तेव्हा मला ते फार प्रेमळ वाटलं होतं.

नितीन चारोटीच्या एका पतपेढीत कारकून आहे. २०१८च्या दिवाळीनंतर मोटारसायकलींच्या दुनियेतलं एक जुनं नाव पुन्हा नव्याने बाजारात आलं, आणि तालुक्यातल्या सगळ्या चाळिशीतल्या पुरुषांना आपलं तारुण्य कुठेतरी गोठ्यात पडलेलं आहे असं वाटू लागलं. नितीनने फोनवर 'रेट्रो रायडर्स डहाणू' नावाचा ग्रुप काढला. त्यातल्या एकाकडेही जुनी गाडी नव्हती, पण सगळे एकमेकांना 'ब्रदर' म्हणत. वेवजीच्या एका पाड्यावर येझदी उभी आहे ही खबर त्याच ग्रुपवर आली.

"बघायला तर चल," नितीनने भजीचे पैसे देत म्हटलं. "बघायला काय जातंय?"

माझी स्कूटर जात होती. तरी मी गेले, कारण ती तिथे माझ्याशिवाय गेली असती तर परत नक्कीच आली नसती.

त्या म्हातारबाबांचं, चिमणबाबांचं, घर पाड्याच्या टोकाला होतं. अंगण शेणाने सारवलेलं, बाजूला भाताच्या पेंढ्याची उडवी आणि पडवीत ती येझदी. तिच्या सीटवर एक कोंबडी बसली होती. पतपेढीतली माणसं कर्ज मागायला आलेल्यांकडे बघतात, तसं तिने आमच्याकडे बघितलं. चिमणबाबांच्या बायकोने, जिवली आजीने, कोंबडीला उचलून टोपलीत ठेवलं आणि आम्हाला पाणी दिलं. पाड्यावरची माणसं गोळा झाली. दोन गाड्यांवरून नवरा-बायको येतात आणि त्यातलं एक तोंड फुगवून असतं, हे बघायला कोण येणार नाही?

मग तपासणी सुरू झाली. नितीनने हातमोजे घातले. ते त्याने खास मागवले होते. खिशातून लोहचुंबक काढून त्याने टाकीला लावलं, कारण व्हिडिओत सांगितलं होतं की चुंबक चिकटलं नाही तर आत पुट्टी भरलेली असते. चुंबक चिकटलं. त्याने माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं, जणू टाकी त्यानेच ओतली होती. मग तो मोबाइलची बॅटरी लावून गाडीखाली आडवा झाला. पडवीत भर दुपारचं ऊन होतं.

"गंज आहे," मी म्हटलं.

"त्याला पॅटिना म्हणतात."

"खाली तेल गळतंय."

"जुन्या इंजिनचा स्वभाव असतो तो."

माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल हा माणूस इतका समजूतदार कधी नव्हता. हेडलाइट ओरिजिनल, दोन्ही सायलेन्सर ओरिजिनल, टाकीवरचा पट्टाही ओरिजिनल. प्रत्येक 'ओरिजिनल'ला तो एक फोटो काढत होता. शेवटी त्याने पायाकडच्या दांड्यावर हात ठेवला आणि जमलेल्या मंडळींना व्याख्यानच दिलं.

"ही खरी कमाल. किक आणि गिअर वेगळे नाहीतच. हाच दांडा वर फिरवला की किक, पुढे घेतला की गिअर. एका दांड्यावर सगळी गाडी. जगात असं डोकं कुणी लढवलं नाही. आणि हा बघा, पहिल्या दिवसाचा दांडा आहे. आज शोधून मिळत नाही."

"माझा पाय आता त्याला पुरत नाय," चिमणबाबा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर बटनवाली पायजे. जिवलीला बाजाराला न्यावं लागतं."

चावी मात्र नव्हती. ती कधीच हरवली होती. बाबा तिच्या जागी खिळा घालत. नितीनने खिळ्याचाही फोटो काढला.

मग बाबांची पाळी. त्यांनी हातमोजे घातले नाहीत. बैलबाजारात माणूस जनावराभोवती फिरतो तसे ते आधी माझ्या स्कूटरभोवती आणि मग नितीनच्या बाईकभोवती फिरले. सीटवर थाप मारली, चाकं दाबली, मागून उचलून बघितली.

"चाल बघायची," ते म्हणाले.

नितीनने बाईकचा एक फेरा मारून दाखवला आणि परत येऊन चावीचं कडं बोटावर गरगर फिरवत उभा राहिला. ही त्याची जुनी सवय. यात आपण रुबाबदार दिसतो अशी त्याची समजूत आहे. मग मी स्कूटर काढली. शेताच्या बांधाने गेले, वळले, खड्डा चुकवून परत आले. बाबा गाडीकडे कमी आणि माझ्या हातांकडे जास्त बघत होते.

"हिला तुमच्या हाताची सवय हाय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. त्या दिवसभरात मला विचारपूस वाटावी असं कुणी काही बोललं होतं तर ते एवढंच.

"तर स्कूटर," नितीन घाईने म्हणाला. "स्कूटर तुमची, येझदी माझी. ठरलं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी चावी मुठीत घट्ट धरली. चार माणसांत नवऱ्याचा अपमान करू नये, असं मला लहानपणापासून शिकवलंय. चार माणसांत बायकोची गाडी देऊ नये, असं त्याला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. बाबांनी हात पुढे केला, नितीनने तो दोन्ही हातांत धरला. जिवली आजीने येझदीच्या हेडलाइटला हळदकुंकू लावलं आणि पदर डोळ्यांना लावला. नितीनने लगेच ग्रुपवर फोटो टाकला, 'वेलकम होम, ब्रदर्स!' फोन टिंग टिंग वाजायला लागला.

तोवर बाबा घरातून पाना घेऊन आले, येझदीशेजारी बसले आणि तो दांडा सोडवू लागले.

"तो का काढताय?" नितीनने हसत विचारलं. त्याला वाटलं, बाबा साफ करून देणार आहेत.

"दावं," बाबा म्हणाले. "जनावर विकतो, दावं विकत नाय. दावं गेलं तर घरची बरकत जाते. चावी असती तर चावी ठेवली असती. चावी नाय, मंग हेच दावं."

ते दांडा घेऊन आत गेले. उघड्या दारातून भिंतीवरची खुंटी दिसत होती. तिच्यावर आजवर विकलेल्या बैलांची दावी लटकत होती, काही काथ्याची, काही सुताची, एकाला अजून घुंगरू होतं. बाबांनी त्यांच्या शेजारी तो पहिल्या दिवसाचा, शोधून न मिळणारा दांडा टांगला.

नितीनचा तेव्हाचा चेहरा बघण्यासाठी मी जीपनेसुद्धा वेवजीला आले असते.

"बाबा, पण त्याच्याशिवाय गाडी सुरू कशी होणार? गिअर कसा पडणार?"

"नवं दावं घ्या ना. जनावर तुमच्या घरी चाललं, दावं तुमच्या घरचं पायजे. बैल आणला तर आम्हीपण तेच करतो."

आमचे साहेब एरवी 'आपल्या भागाच्या परंपरा' या विषयावर ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी पाठवतात. ते घसा साफ करून म्हणाले, "नाही, नाही, परंपरा आहे. जपलीच पाहिजे."

"आता तुमचं दावं काढून घ्या," बाबा म्हणाले. "स्कूटरचं. विकणाऱ्याने आपल्या हाताने काढायचं असतं."

नितीनने खिसे चाचपले. मग माझ्याकडे हात केला. "वर्षा, चावी दे."

चावी माझ्या मुठीत होती. ती कायम माझ्याकडेच असते, दुसरी घरी माझ्या कपाटात. मला सकाळपासूनचं सगळं आठवलं, माझ्या कंबरेची काळजी, दर दहा मिनिटांची जीप, आणि मला न विचारता मिळवलेला तो हात. मी चावी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

"नाही," मी म्हटलं.

टोपलीतून पहिली कोंबडीच बोलली.

"अगं, काय हे चार लोकांत! बाबा, गाडी माझ्याच नावावर आहे. कागद दाखवतो."

"बैलाच्या कपाळावर नाव असतं काय?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाला इतकी साधी गोष्ट कळत नाही, याचं. "दावं ज्याच्या हाताशी, जनावर त्याचं. मालक असता तर दावं तुमच्यापाशी असतं. दुसऱ्याचं दावं मागून सौदा होत नाय, साहेब. हे जनावर बाईचं हाय. मी घेणार नाय."

"पण आपलं ठरलं ना! मी फोटो टाकला!"

बाबांनी त्याच्या बोटाकडे बघितलं. तिथे, सवयीप्रमाणे, बाईकच्या चावीचं कडं गरगर फिरत होतं.

"ते तुमचंच ना?"

कडं फिरायचं थांबलं.

"ती... ती मी ऑफिसला नेतो," नितीन म्हणाला.

"आणि मी स्कूटर घेऊन कुठे जाते? जत्रेला?" मी म्हटलं. हे जरा मोठ्यानेच निघालं. मागे उभ्या बायकांपैकी कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने मला जेवढं बरं वाटलं तेवढं त्या वर्षात कशानेच वाटलं नव्हतं.

"तुमचं हाय ते द्या, नाय तर राहू द्या," बाबा म्हणाले. "मी दांडा परत लावतो. माझं काय जात नाय."

जिवली आजी तोवर बाईकवर मागे एका बाजूला बसून बघत होती. "ही लांब हाय," ती म्हणाली. "बाजाराची पिशवी मधे राहते. हीच बेस."

फोन पुन्हा टिंग वाजला. कुणीतरी 'लिजेंड' असं लिहिलं होतं. नितीनने ते वाचलं, मग येझदीकडे बघितलं, मग अख्ख्या पाड्याकडे. मागे फिरायचं तर ग्रुपवर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पुढे जायचं तर बाईक जाणार होती. माझ्या स्कूटरबद्दल त्याला सकाळी एवढा वेळ लागला नव्हता.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. आवाज कर्ज मंजूर न झालेल्या माणसाचा होता. बाबांनी त्याला बाईकची चावी बोटावरून स्वतःच्या हाताने काढायला लावली आणि ती त्याच्याच खिशात ठेवायला लावली. "तुमचं दावं. सांभाळा. मी तलासरीला चावीवाल्याकडून नवं करून घेईन."

येझदी गवताच्या टेम्पोत चढवावी लागली. पाड्यावरच्या सगळ्या पुरुषांनी हात लावला. नितीन गवताच्या भाऱ्यांवर, एका हाताने तिचं हँडल धरून बसला आणि टेम्पो निघाला. मागून मी स्कूटरवर. वाऱ्याने गवताच्या काड्या त्याच्या केसांत अडकत होत्या, हातमोजे अजून हातात होते. माझ्या मनात दया आली नाही असं नाही. चारोटीपर्यंत थोडी आली होती.

आता येझदी आमच्या पडवीत उभी आहे. दांड्यासाठी नितीनने मुंबईपर्यंत फोन केले. मिळतो तो ओरिजिनल नाही, आणि ओरिजिनल आहे तो वेवजीला खुंटीवर आहे. शेजारची कोंबडी तिच्या सीटवर बसायला लागली आहे. नितीनच्या खिशात मात्र एक चावी असते, ओरिजिनल, आणि बाईक तलासरीच्या बाजारात जिवली आजीला घेऊन फिरते. दोघं मला दिसतात अधूनमधून. आजी मागून हात करते.

त्या सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी स्कूटर काढत होते, तेव्हा नितीन डबा घेऊन फाटकाशी आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "मला चारोटीला सोडशील का?"

"मी आज उलट्या दिशेने, वरच्या पाड्यांवर चालले आहे," मी हेल्मेटचा पट्टा लावत म्हटलं. "आणि तुझं अडतंय कुठे? जीप आहे की. दर दहा मिनिटांना सुटते."

मग मला राहवलं नाही, म्हणून जाता जाता सांगितलं, "उजवीकडची जागा मिळाली तर पाय आत घे. मी तिथे एक चप्पल गमावली होती."

त्याला उजवीकडचीच मिळाली.