उजव्या पायाला तेल, डावा कोरडा

नदीकाठी सारं गाव लोटलं होतं. तीस बायका लांबड्या नावेत बसल्या होत्या आणि काठावर पांढरा अंगरखा घातलेला आचान वितुन विचारत होता, "कुणाचे खांदे दुखतायत? हात वर करा." एकही हात वर झाला नाही. पाच दिवसांपूर्वी याच बायकांना केस विंचरता येत नव्हते. मग या आचानने, म्हणजे गुरुमहाराजांनी, मंतरलेलं तेल दिलं आणि दुखणं पळालं. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी बाटल्यांसाठी रांग लावली.

मी इथल्या आरोग्य केंद्रात अठरा वर्षं नर्स आहे. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की नावांची शर्यत असते, त्यामुळे दर साली भातलावणी उरकली की सराव सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायकांचं अंग मोडून येतं आणि आठवड्याच्या आत आपोआप बरं होतं. गोळ्या मागायला त्या माझ्याकडेच येतात. यंदा आचान बरोबर चौथ्या दिवशी उगवला. त्याची हुशारी तेवढीच.

तेल विकून तो थांबला असता, तर मीही नाक मुरडून गप्प बसले असते. पण पुढच्या आठवड्यात सायरुंग शहरातली कारखान्याची नोकरी सोडून आली आणि नावेत बसली. तिची आई पुढून तिसऱ्या जागेवर वल्हं मारायची. आई गेल्या साली वारली, आणि लेकीला तीच जागा हवी होती. दोन दिवसांत सायरुंगचे दंड वर उचलेनात. तेल चोळूनही.

आचानने डोळे मिटले, तीनदा फुंकर मारली आणि घोगऱ्या आवाजात निकाल दिला, "नावेची देवी सगळ्यांचं दुखणं पिऊन टाकते. हिचं पीत नाही. म्हणजे हिच्या अंगात खोट आहे. हिला नेलंत, तर नाव उलटेल."

नावेची म्होरकी थाँगबाय तशी खमकी बाई. पण नावेच्या टोकाला रंगीत कापडं बांधून देवीला नमस्कार केल्याशिवाय आमच्याकडे कुणी वल्ह्याला हात लावत नाही, आणि देवीचं नाव निघालं की तीही मऊ पडते. मान खाली घालून ती म्हणाली, "सायरुंग, यंदा राहू दे गं."

सायरुंग निमूट उतरली. आईचं वल्हं काठावर ठेवून घरी गेली. माझं डोकंच फिरलं.

मी सगळ्यांदेखत आचानला म्हटलं, डोंगरावरच्या विहाराच्या तीनशे पायऱ्या उद्या सहा वेळा चढू-उतरू. तुम्ही, मी आणि नावेतल्या दहा जणी, थाँगबायसुद्धा. उजव्या पायाला तुमचं तेल, डावा कोरडा. मंत्र हवे तेवढे म्हणा.

"देवीची परीक्षा घेत नसतात, बाई," तो म्हणाला.

"देवीची नाही, तुमच्या बाटलीची घेतेय."

लोक हसले, आणि त्याला नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही घामाघूम होऊन खाली आलो तेव्हा कुणालाच काही दुखत नव्हतं. आचान मिशीत हसत होता. मी म्हटलं, परवा सकाळी बोलू.

आचान गावप्रमुखाकडे उतरला होता. आमची घरं खांबांवर उंच असतात. ठरलेल्या सकाळी महाराज कठडा धरून, पाठमोरे, एकेक पायरी चाचपत, कण्हत खाली आले. खाली अर्धं गाव उभं होतं. मी दहाही जणींना विचारलं, कुठला पाय दुखतो? दोन्ही, सारखेच. थाँगबायला तर बसल्यावर उठता येईना.

"मग थाँगबाय," मी म्हटलं, "देवी तुझंही दुखणं पिईना झाली. तूही उतरतेस का नावेतून?"

विहाराच्या त्या पायऱ्यांवर आणखी एक जण आमच्याबरोबर आली होती, सत्तरीची बुआरियन आजी. ती रोज सकाळी भिक्खूंचं जेवण घेऊन तिथेच चढते. तिचं काहीच दुखत नव्हतं, आणि तिने तेलाला हातही लावला नव्हता. आचान घाईघाईने म्हणाला, आजीवर देवीची कृपा आहे.

"कृपा नाही रे बाबा," आजी म्हणाली, "पायांना सवय आहे."

मग मी सगळ्यांना सांगितलं. शरीराला नवं काम दिलं की स्नायूंना बारीक इजा होते, त्यातही उतरताना जास्त. ते दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं आणि आपोआप जातं. तेच काम पुन्हा केलं की कमी दुखतं, कारण अंग शिकलेलं असतं. दुखलं नाही म्हणून देव पावला असं नाही, आणि मेहनत फुकट गेली असंही नाही. सायरुंग तुमच्यामागून सरावाला आली, एवढीच तिची खोट.

आचान दुपारच्या गाडीने गेला. थाँगबाय लंगडत सायरुंगच्या घरी गेली आणि तिला घेऊन आली.

आठवड्याने सायरुंगचे दंड मोकळे झाले. थाँगबायने समाधानाने नमस्कार केला, "देवीनं तुला माफ केलं बघ."

"माफी कसली, मावशी?" सायरुंग म्हणाली. "मी आठ दिवस वल्हं मारलंय."

बायाबापड्यांनो, आपल्या घामाचं श्रेय कुणाच्या बाटलीला देऊ नका. आणि कुणाचं अंग दुखलं, तर त्यात पाप शोधू नका.