जवाचं पाणी

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात डोंगरकडा गावाच्या पुढं रस्त्याचं काम निघालं. पुंजाजी तिथं खडी फोडायला जायचा आणि रामकिशन ती खडी ट्रकमधून वाहायचा. एक बौद्धवाड्यातला, दुसरा मराठ्यांच्या गल्लीतला. गावात दोघांचं बोलणं कधी रामराम-जयभीमच्या पुढं गेलं नव्हतं. पण कामावर पाण्याला एकच हौद होता आणि सावलीला एकच लिंब. त्या लिंबाखाली भाकरी सोडता सोडता दोघांचं असं जमलं, की संध्याकाळी रामकिशन ट्रक सरळ बौद्धवाड्याच्या तोंडाशी थांबवायचा आणि पुंजाजीच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा. गावानं नाकं मुरडली. रामकिशननं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

हौदात पाणी यायचं ते एका आटत चाललेल्या विहिरीतून, तळाच्या गाळासकट. वैशाखात पुंजाजीनं अंथरूण धरलं. आधी ताप, मग ओकाऱ्या. भाकरीचा वास आला तरी तोंड फिरवायचा. एका सकाळी त्याला उजेडात बसवताना त्याची बायको रुक्माबाई चरकली. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

कुणी पाला वाटून दे म्हणालं, कुणी नाकात मुळी पिळ म्हणालं. तिनं सगळं केलं. गुण कशानंच येईना.

त्या संध्याकाळी रामकिशन आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन.

"वहिनी, हे रोज गिलासभर द्या. बियर हाय."

"म्हंजे दारूच की, भाऊ."

"दारू न्हाई वो. जवाचं पाणी हाय. नांदेडला आमच्या मालकाला कावीळ झाली, तवा त्यायनं हेच पेलं. पेशाब साफ व्हतो, कावीळ धुऊन निघते. अन् ताकद म्हनसाल तर एक बाटली बराबर दोन भाकरी. ह्याच्या पोटात भाकरी तर जाऊन न्हाई राहिली."

आत पडलेल्या पुंजाजीला सगळं ऐकू येत होतं. दीक्षा घेऊन आल्यावर वाड्यातली हातभट्टीची मडकी त्यानंच आपल्या हातानं फोडली होती, आणि बापाचं मडकं सगळ्यात आधी फोडलं होतं. तो उशीवरून मान न उचलता म्हणाला, "अवषध असंल तर पीन मी. पर डाक्टरानं तसं म्हनलं पाह्यजे."

"डाक्टर काय जास्तीचं सांगतेत?" रामकिशन म्हणाला. पण त्यानं वाद घातला नाही. बाटली उंबऱ्याच्या आत ठेवली आणि उठला.

रुक्माबाईला रामकिशनचा राग आला नाही. तो जीव लावून बोलतोय, हे तिला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पुंजाजीच्या पोटात पाणीही ठरेना, तेव्हा तिनं बाटली हातात घेतली. नवऱ्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा जाणार असेल तर पंचशीलातलं एक शील मोडल्याचं पाप आपण आपल्या डोक्यावर घेऊ, असं तिच्या मनात आलं. झाकणावर अंगठाही ठेवला. मग तिला त्याचं बोलणं आठवलं. शुद्धीत असताना त्यानं एवढी एकच गोष्ट मागितली होती. तिनं बाटली पिशवीत घातली, त्याला आधार देत एसटीत बसवलं आणि हिंगोलीचा रस्ता धरला.

दवाखान्यात तिचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर वयस्कर होते, थकलेले होते. काविळीचे किती तरी रोगी त्यांनी त्या महिन्यात बघितले होते. त्यांनी पुंजाजीचं पोट दाबून पाहिलं. रुक्माबाईनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्याच्यात ताकद जास्ती का मोसंबीच्या रसात? जे म्हनसाल ते देते. पर खरं सांगा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"हे जवापासून करतात, एवढं खरं आहे. धान्याचा थोडा अंश यात उतरतो, तोही खरा. पण बाई, या दोन्हींत पाणीच जास्त. रसात फळाची साखर असते, ती आजारी पोटालाही सोसते. शिवाय फळाचं जीवनसत्त्व मिळतं. जवाची साखर मात्र आंबली, आणि आंबून तिची दारू झाली. थोडी का होईना, दारूच. आता ती दारू अंगातून काढून टाकायचं काम कुणाचं? लिव्हरचं. आणि याचं लिव्हरच तर सुजलंय. मोडल्या पायाच्या माणसाच्या डोक्यावर पोतं देण्यासारखं आहे ते."

"मंग रसानं कावीळ जाती?"

"नाही. रसानंही जात नाही. कावीळ आपल्या वेळेनं उतरते. तोवर माणूस तगला पाहिजे, एवढ्यापुरता रस. मोसंबी नाही मिळाली तर साखरपाणी द्या, पातळ ताक द्या, मऊ भात द्या. पाणी उकळलेलंच. खरी ताकद पुढं भाकरीनंच येईल. आणि ही बाटली ज्यानं दिली त्याला सांगा, कावीळवाल्याला पुन्हा देऊ नको म्हणावं."

परतीच्या वाटेवर तिनं बाटली एका नालीत रिकामी केली.

रामकिशनला तिनं डॉक्टरचा शब्द न् शब्द सांगितला. तो जरा हिरमुसला. खाली बघत विडी विझवली आणि म्हणाला, "मंग मोसंबी आनतो." तेव्हापासून नांदेडहून येताना त्याच्या ट्रकमध्ये मोसंब्यांची पिशवी असायचीच. मोसंबीची झाडं वाळून चाललेल्या त्या सालात तो ती कुठून पैदा करायचा कोण जाणे. रुक्माबाई फडक्यातून रस गाळायची, पुंजाजी घोट घोट घ्यायचा. हळूहळू पाणी पोटात ठरू लागलं. पुढं मऊ भातही.

अशीच एकदा पिशवी घेताना तिची नजर रामकिशनच्या तोंडावर गेली. तो उन्हाकडं तोंड करून उभा होता.

"भाऊ, तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले."

"ट्रकवर जागरन व्हतं, वहिनी."

"तुमीबी त्याच हौदाचं पानी पेलं. हिंगोलीला चला एक डाव. अन् ते बाटलीतलं पेऊन राहिले असाल तर सोडा. माही शपथ हाय."

तो हसला. "माहं काय घेऊन बसल्या? मी रोज घेतो म्हनूनच उभा हाय. ह्यो पुंजाजी उठला की जाऊ तिघंबी." आणि ट्रकवर चढला. मोसंबी मित्रासाठी आणि बियर स्वतःसाठी, असं त्यानं मनाशी वाटून घेतलं होतं. एवढ्या मोसंब्या आणल्या, पण त्यातली एकही त्यानं आपल्या घरी नेली नव्हती, हे तिला पुढं कळलं.

मग ट्रक दुसराच माणूस आणू लागला. रामकिशन घरी पडून आहे, भ्रमात काहीबाही बोलतोय, असं तो म्हणाला. पुंजाजी भिंत धरून उठला. काठी टेकत मराठ्यांच्या गल्लीत पोचला, तेव्हा दारात माणसं गोळा झालेली होती. सगळं आटोपलं होतं.

पुंजाजी कुणाला न विचारता आत गेला आणि मित्राच्या पायाशी बसला. कुणी त्याला उठ म्हणालं नाही.

रुक्माबाई बायकांच्या मागं उभी होती. रामकिशनची बायको सुमनबाई कोरड्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत होती. गर्दी पांगल्यावर ती जवळ आली.

"भ्रमात सगळं बोलून गेले ते. तुला डाक्टरानं सांगितलं व्हतं न? ते जहर हाय म्हनून?"

"व्हय."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"त्यायला सांगितलं व्हतं, बाई. शपथ घातली व्हती."

"त्यायला!" सुमनबाई म्हणाली. "ते कुनाचं ऐकत व्हते? मी माह्या हातानं गिलास भरून देत व्हते. मला सांगायचं व्हतं. मी बाटल्या फोडल्या असत्या."

त्या गल्लीत जाऊन त्या घरच्या बाईला चार शब्द सांगावेत, एवढा आपला हक्क आहे असं रुक्माबाईला वाटलंच नव्हतं. ती घरी आली आणि चूल न पेटवता बसून राहिली. रामकिशन बिनदिक्कत आपल्या ओट्यावर यायचा. आपल्याला मात्र त्याच्या दारापर्यंत जाववलं नाही, हे तिला आत कुठं तरी टोचत राहिलं.

पाऊस पडला. पुंजाजी पुन्हा कामावर जाऊ लागला. हौदाची विहीर उपसून तीत पावडर टाकून घेईपर्यंत त्यानं मुकादमाचा पिच्छा सोडला नाही. सुमनबाई वाटेत दिसली तर मान वळवून जायची.

श्रावणात एका सकाळी रुक्माबाई अंगण झाडत होती. समोर सुमनबाई उभी. बौद्धवाड्यात तिचं पाऊल पहिल्यांदाच पडलं होतं. कडेवर तिची लहान पोरगी होती, मान टाकून पडलेली.

"रातच्यान ओकून राहिली," ती म्हणाली. "डोळे बघ बरं हिचे. मला तर काही समजून न्हाई राहिलं."

रुक्माबाईनं झाडू टाकला. लेकराला आपल्याकडं घेतलं, उजेडाकडं तोंड करून पापणी वर उचलली. डोळ्यांत पिवळेपणाची नुसती सुरुवात होती.

"लवकर आनलं," ती म्हणाली. "चल, हिंगोलीची गाडी यायचीच हाय. कोनी काही द्या म्हनलं तरी डाक्टराला इचारल्याबिगर देऊ नको."

"न्हाई देत."

दोघी चिखलातून फाट्याकडं निघाल्या. लेकरू रुक्माबाईच्या खांद्यावर होतं, आणि सुमनबाई पदर धरून त्याच्या डोक्यावर ऊन लागू देत नव्हती.