मास्तरांचा 'कट'

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. ऐरणीवर मार खाऊन घडलेली, वजनाने चांगलीच भारी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. कापडाचे थर रचून खडूने रेघा मारल्या, की मास्तर स्वतःशीच 'कट' म्हणत आणि मला चालवत.

तो इंग्रजी शब्द तिथे सगळ्यांच्याच तोंडी होता. फोन मध्येच बंद पडला की 'कट झाला', दांडी मारली की पगारात कट. पण कोट अंगावर चपखल बसला आणि कुणी "काय कट आहे!" म्हणालं, की मास्तर मिशीत हसायचे. मलाही मूठभर मांस चढायचं, म्हणजे लोखंडाला चढतं तेवढं.

मग मास्तरांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांची बायको तिथेच शिलाई मशीनवर होती. ती सगळ्यांच्या आधी येऊन अवघड कापणी उरकून ठेवायची. बायका चिडवायच्या, "नवराबायकोचा काय कट शिजतोय गं?" हा कट मात्र अस्सल मराठी, आणि खराही होता.

एका सकाळी मालक लवकर आले. त्यांनी मास्तरांच्या बायकोच्या हातात मला पाहिलं.

"मास्तर, आता कापायचं यंत्र आणतोय," मास्तर आल्यावर ते खाली बघत म्हणाले. "तुम्ही आराम करा. कात्री न्या बरोबर."

हजेरीपटावरून मास्तरांचं नाव कट झालं.

घरी त्यांनी बायकोसाठी कोट बेतला. आठवडाभर खपले. मी जीव तोडून सरळ चालत होते, पण हातच वळत होता. डावी बाही चार बोटं आखूड झाली. बाईंनी कोट घातला, आरशासमोर वळून पाहिलं.

"छान बसलाय हो कट."

मास्तरांनी त्या बाहीवर बोट ठेवलं. "इतक्या वर्षांत तू माझ्याशी खोटं बोलली नव्हतीस," एवढंच म्हणाले. मला खाली ठेवलं. पुन्हा उचललं नाही.

आता बाई मला वापरून मास्तरांच्या औषधांची पाकिटं कापतात. पाती गंजली आहेत, खिळा सैल झाला आहे. मला धार लावा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. कापायला काही उरलेलं नाही. फक्त तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर तो वेळीच हातात धरा. आमच्याकडे तो लपवण्यातच सगळे दिवस गेले.