‘नंबर सेव्ह झाला’

थोरली सुईण होती आणि धाकटी प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहायची. ताईच्या वेबसाइटवर तातडीचा फोन नंबर दिसावा म्हणून धाकटीनेच एक छोटा प्लगिन करून दिला होता. सेटिंग्जच्या पानावर नंबर भरायचा, सेव्ह दाबायचं, झालं काम.

मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाज बसलेला.

“अगं, नवा नंबर टाकून पंधरा दिवस झाले, पण साइटवर अजून जुनाच आहे. तो फोन आवाज बंद करून कपाटात पडलाय. काल एक बाई त्यावरच फोन लावत राहिली. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत बाळंत झाली. बाळ ठीक आहे, पण तिचं फार रक्त गेलं.”

“तू सेव्ह करायला विसरली असशील, ताई.”

“केलं होतं. हिरव्या पट्टीत ‘नंबर सेव्ह झाला’ असं आलंसुद्धा.”

धाकटीने पान उघडलं. रकाना कोरा. तिने नंबर भरून सेव्ह केलं. हिरवी पट्टी आली, रकाना पुन्हा कोरा! मग तिने बाकीचे प्लगिन एकेक करून बंद केले, सर्व्हरला दोष देऊन पाहिला. काखेत कळसा नि गावाला वळसा. चूक तिच्याच कोडमध्ये होती. रकान्याला एक नाव, साठवायच्या यादीत दुसरं. फरक एका अक्षराचा. भरलेला नंबर कधी साठतच नव्हता.

मग इतके दिवस साइटवर नंबर दिसत होता तो कसा? रकाना रिकामा असेल तर दाखवायला म्हणून तिनेच चाचणीच्या वेळी ताईचा जुना नंबर कोडमध्ये लिहून ठेवला होता. आणि हिरवी पट्टी? ती बटण दाबलं की यायची, काही साठो न साठो.

दुरुस्तीला अर्धं मिनिट लागलं. मग तिने ताईला फोन लावला.

“ताई, चूक माझीच आहे. मघाशी उगाच तुझ्यावर ढकलली.”

“मी त्या बाईला बघायला इस्पितळात निघालेय. तू येऊ नकोस.”

“येते मी.”

“काय सांगशील तिला? अक्षर चुकलं म्हणून?”

“हो. तेच.”

इस्पितळात ती बाई पांढरीफटक पडली होती. धाकटीने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाई चिडली नाही, आणि तेच जास्त लागलं.

“मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उचलत नाही,” ती ताईला म्हणाली. “अकरा वेळा लावला हो.”

ताई पलंगाच्या कडेला बसली, तिचा हात हातात घेतला. धाकटी दाराशीच उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही.