ट्रॅक्टरवर बसून पळालेला पैलवान

मित्रांनो, मी एक जुना फिटनेस बँड आहे. माझी काच तडकलेली आहे आणि पट्ट्यावर माणसाच्या दातांचे व्रण आहेत. ते कुणाचे, ते पुढे येईलच.

जन्मताच मला कारखान्यात उंचावरून फरशीवर आपटलं. जे फुटले ते कचऱ्यात गेले. मी फुटलो नाही, म्हणून मला डब्यात कोंबून यवतच्या मोबाइलच्या दुकानात पाठवलं. आमच्यात याला बालपण म्हणतात.

तिथून मला पृथ्वीराज पैलवानाने घेतलं. दौंडला कुस्तीची निवड चाचणी होती. त्याला चौऱ्याहत्तर किलोच्या गटात उतरायचं होतं आणि अंगावर पाच किलो जास्त होते. वरच्या गटात शिरूरचा साई होता. साईने मागच्या वर्षी एकाचा खांदा निखळवला होता आणि मग त्याच्याच दुसऱ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता. त्यामुळे वजन उतरवणं हा तब्येतीचा नाही, हाडांचा प्रश्न होता.

माझं काम साधं. हात हलला की पावलं मोजायची आणि किती कॅलरी जळल्या ते सांगायचं. मोबाइलवर लगेच ओळ यायची, ‘आज एवढ्या जाळल्या, तेवढ्या अजून खाऊ शकता.’ त्या ओळीने घर पेटवलं.

“जाळलंय तेवढं परत खाल्लंच पायजे आई, न्हाईतर अंगातलं बळ जातं,” पृथ्वीराज म्हणायचा.

त्याची आई सुवर्णाबाई हे ऐकायला कधीपासून टपल्या होत्या. त्या भाकरी अशी थापायच्या की शेजारची कुत्री पळून जायची. वर तुपाचा गोळा आदळायच्या.

गेणबा वस्ताद तालमीत काठी आपटायचे. “परत खायचंय तर जाळलं कशाला? घर पेटवून घर बांधतुस व्हय रं?”

“वस्ताद, आकडा तर बघा की!”

आकडा खरंच दांडगा होता. रोज माझ्या काचेवर दिवसाची पावलं पुरी झाल्याचे फटाके फुटायचे. पोरगं जीव तोडून पळतंय, असं मलाही वाटायचं.

चाचणीच्या सकाळी तो दौंडला काट्यावर चढला. पाच किलोंतला जेमतेम एक उतरला होता. पंचांनी त्याला वरच्या गटात ढकललं. समोरून साई हसत आला. “या पाव्हणं.”

साईने त्याला उचललं, गरागरा फिरवलं आणि असं आपटलं की मला माझं बालपण आठवलं. मी मॅटजवळ सुवर्णाबाईंच्या पिशवीत होतो. तिथेही हादरा पोचला. मी तो पाऊल म्हणून मोजला.

बरगडी धरून बाहेर आलेल्या पृथ्वीराजने मला पिशवीतून काढलं आणि कराकरा चावलं.

दुसऱ्या दिवशी वस्ताद रानात आले. “कुठं पळतुस ती वाट दाव.”

“पळायला येळ कुठाय वस्ताद? दिसभर ट्रॅक्टरवर असतुया. पर ह्ये मोजतंय, म्हंजी पळतच आसंन की.”

वस्तादांनी मला स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि ट्रॅक्टरवर चढले. त्यांचं वय सत्तर, गुडघ्यात वात. नांगरलेल्या ढेकळांवरून ट्रॅक्टर धडाधडा उधळला. बांधाशी पोचेपर्यंत माझ्या काचेवर फटाके फुटले, ‘अभिनंदन! आज तुम्ही छान धावलात.’

वस्ताद शांतपणे खाली उतरले. त्यांच्या शांतपणाला अख्खी तालीम भ्यायची. त्यांनी मला पृथ्वीराजच्या हातात बांधलं आणि काठी उचलली.

मित्रांनो, मग तो पळाला. उसातून, कांद्यातून, पाटाच्या पाण्यातून. वस्ताद वात विसरून मागे. काठी पाठीवर, काठी पोटरीवर, एक माझ्या काचेवर. त्यांच्या मागे सुवर्णाबाई भाकरी घेऊन ओरडत होत्या, “मारा, पर उपाशी मारू नगा!”

हायवेच्या कडेला तो कोसळला. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा आकडा.

“वस्ताद,” तो धापा टाकत म्हणाला, “ह्ये तर खरं जाळलंय. आता परत खाऊ का?”

वस्तादांनी काठी उगारली. मग त्याचे लटलटणारे पाय पाहिले. “भूक लागलीया?”

“लय.”

“मग खा. पर प्वाटाला इचारून. मनगटाला न्हाई.”

आणि उगारलेली काठी वाया जाऊ नये म्हणून एक हाणलीच.

तर मित्रांनो, आम्हां यंत्रांना जपा. आम्हाला हादरा कळतो, घाम कळत नाही. ट्रॅक्टरवर बसताना आम्हाला काढून खिळ्याला अडकवा, आणि आमच्या फटाक्यांवर भाकरी मोडू नका.

पृथ्वीराज आता चौऱ्याहत्तरच्या आत आला आहे. पुढच्या चाचणीत तो आपल्याच गटात उतरेल. मी त्याच्या हातावर नसतो. वस्तादांनी मला काठीला बांधलं आहे. रोज संध्याकाळी ते माझा आकडा पाहतात, समाधानाने मान डोलावतात, आणि काठीने दिवसभरात जेवढं जाळलं, तेवढं तेल तिला परत पाजतात.