जिभेवरचा कापूर

शुक्रवार आला की सत्यभामाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. दारव्ह्याकडून जीपगाड्या भरून लोक यायचे. सत्यभामाबाई केस मोकळे सोडून घुमायची, पेटता कापूर जिभेवर ठेवायची, आणि एरवी सरपंचालाही न जुमानणारे गडी जमिनीला कपाळ टेकवायचे.

"मैं आई हूं," माता गरजायची. जन्म वऱ्हाडात काढलेल्या बाईच्या अंगात येताच मातेला हिंदी का सुचतं, हे कोडं मला सुटलेलं नाही. दोन वाक्यांत ते हिंदी संपायचं आणि माता मुकाट वऱ्हाडीवर यायची.

माझं नाव धम्मरत्न. इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. गाव मला सर म्हणतं आणि माझं काही ऐकत नाही.

ही माता जरा वेगळी होती, हे मात्र कबूल. कोंबडं नको, बकरं नको, लुगडं नको. तिचा हुकूम एकच. "फवारणीचं औषध घरात ठेवाल त कोप होईन. सारे डबे देवळाच्या खोलीत आना. चाबी माह्यापाशी राहीन." आणि सगळे डबे निमूट कुलपात गेले.

हेच मी ग्रामसभेत घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. मन पार खचलेल्या घडीला असं काही हाताशी नसलं, तर माणूस वाचतो. ती घडी टळते. तेव्हा उत्तर मिळालं होतं, "सर, घरात नाही त काय तुमच्या शाळेत ठेवावं?" सभा पोट धरून हसली होती. त्यामुळे या मातेशी भांडायची मला घाई नव्हती. पण मधे कोकिळेचं निघालं.

कोकिळा म्हणजे आमच्या शेजारच्या गोविंदाची बायको. बाळंत होऊन तिला महिना उलटला होता. तिला झोप नव्हती, घास जात नव्हता. बाळ रडून निळं पडलं तरी ती भिंतीकडे बघत बसायची. माझ्या बायकोला, दीपाला, ती एकदा म्हणाली, "माह्या माघारी लेकराले कोन पाहीन?" दीपा घाबरून घरी आली. आम्ही दोघं लगेच गोविंदाकडे गेलो. हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, औषधानं बरा होतो, यवतमाळला मनाच्या डॉक्टरकडे ने, असं समजावलं.

"मातेले इचारल्याशिवाय नाही, सर," तो म्हणाला.

त्या शुक्रवारी त्यानं विचारलं. कोकिळा बाळ घेऊन शेजारी बसली होती. घुमणारी माता तिला बघून थांबली.

"हिले दवाखान्यात ने. आजच ने."

गोविंदानं हात जोडले. "माय, तुह्या अंगाऱ्यात एवढी ताकद असल्यावर डाक्टर कायले पाहिजे?" त्यानं अंगारा कोकिळेच्या कपाळाला फासला आणि उरलेला पुडीत बांधला. माता पुन्हा दरडावली. तो पाया पडत राहिला. "माय परीक्षा पाहून राह्यली," तो लोकांना म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

मला संताप आवरेना. मी पुढे झालो, ताटातला कापूर पेटवला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला.

"सरांच्या अंगात आलं," कोणीतरी म्हणालं. दोन बाया माझ्या पाया पडल्या.

मी तोंड मिटून कापूर विझवला. "माझ्या अंगात घाम सोडून काही नाही. जीभ ओली असते, कापूर वरच्यावर जळतो. चटका बसायच्या आत तोंड मिटलं की हवा तुटते आणि तो विझतो. यात माता कुठं आली?"

सत्यभामाबाईनं केस बांधले, पदर सारखा केला.

"सर खरं बोलून राह्यले. त्यायनंच हे शाळेत करून दाखवलं होतं. तुमी टाळ्या वाजवून घरी गेले. मी शिकली." तिचा आवाज आता नेहमीचा होता. "माही लेक शीला अशीच भिंतीकडे पाहे. तिले दवाखान्यात न्या, असं मी तिच्या घरच्यायले साध्या तोंडानं सांगितलं. म्हने, बाईले काय समजते. पोरगी गेली माही. मंग मी तोंडात जाळ घेतला, तवा तुमाले ऐकू आलं."

"फसवलं आमाले," एक गडी उठला. त्याच्यामागे बाकीचे, आपापले डबे मागायला. शीलाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

त्या गलक्यात कोकिळा बोलली. हळू बोलली, पण स्वच्छ. "मले जगू वाटत नाही. मले दवाखान्यात न्या."

"आता हिच्या अंगात आलं काय?" मागून कोणीतरी विचारलं.

गोविंदा बायकोकडे बघत होता. "नाही," तो म्हणाला. "हे तीच बोलून राह्यली." त्यानं हातातली पुडी टाकली आणि बाळ उचललं. सत्यभामाबाई कोकिळेचा हात धरून जीपमध्ये चढली. मागे लोकांनी खोलीचं कुलूप तोडलं, आणि गोविंदाचा डबा सोडून बाकी सगळे डबे संध्याकाळपर्यंत घरोघरी परत गेले.

कोकिळेचे उपचार चालू आहेत. आता ती बाळाला अंगावर घेते, रात्री झोपते. त्या प्रकारानंतरच्या शुक्रवारी मात्र अंगण रिकामं होतं. मी सत्यभामाबाईला घेऊन दारोदार फिरलो, डबे पुन्हा कुलपात ठेवा म्हणून. एका घरच्या म्हाताऱ्यानं मलाच विचारलं, "सर, आता तिच्या अंगात येत नाही. मंग तिचं ऐकावं काहून?"

बाबांनो, तुमच्या घरातली बाई झोप नाही म्हणते, जगू वाटत नाही म्हणते, तेव्हा ते नाटक नसतं, करणी नसते, कोणाची बाधा नसते. तिला एकटी सोडू नका, औषधाचे डबे कुलपात ठेवा, डॉक्टरकडे न्या. वाट कळत नसेल तर मनाच्या आजारासाठी सरकारचा १४४१६ नंबर आहे, त्यावर फोन लावा, तो फुकट आहे. आणि तिचं ऐकायला तिच्या तोंडात जाळ दिसायची वाट पाहू नका. ती शुद्धीवर बोलते आहे, म्हणूनच ऐका.